तुम्ही विचारलंत म्हणून: दोनच टक्के ना?

माझं जुनं काम कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "प्रवासी विमानांच्या मानाने खाजगी जेटचा धूर दोन टक्केही नाही. मग त्या मूठभर लोकांच्या नावाने एवढे खडे कशाला फोडता?"

आकडा बरोबर आहे, तो मी नाकारत नाही.

मी सहा वर्षं चार्टर विमानांचे, म्हणजे अख्खी भाड्याने घेतलेल्या खाजगी विमानांचे, फ्लाइट प्लॅन करत होतो. मार्ग, वारा, पर्यायी विमानतळ, इंधन. त्या कागदावर एक रकाना असतो 'पॅक्स', म्हणजे प्रवासी किती. पहिल्याच आठवड्यात तिथे शून्य दिसलं तेव्हा मला वाटलं, टाइप करताना कुणाची तरी चूक झाली. वरिष्ठांना विचारलं तर ते हसले. "साहेबांना सोडून विमान परत चाललंय. तिथे पार्किंगला जागा नाही." चाळीस मिनिटांची फेरी, सातशे किलो इंधन. एक किलो विमानइंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो (इंधनातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन मिळतो म्हणून वजन वाढतं, हे प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं). म्हणजे दोन टनांहून जास्त, आणि आत वैमानिकांशिवाय कुणी नाही. दोन दिवसांनी तेच विमान साहेबांना आणायला पुन्हा रिकामंच गेलं. साहेबांच्या लेखी प्रवास झाला दोन वेळा, माझ्या टेबलावरून प्लॅन गेले चार.

आता ते दोन टक्के. संशोधक स्टेफान ग्योसलिंग आणि सहकाऱ्यांनी 2019 ते 2023 या काळातल्या खाजगी उड्डाणांचा माग काढून 2024 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास 26 हजार विमानं. 2023 मध्ये त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड 1 कोटी 56 लाख टन, 2019 च्या तुलनेत 46 टक्के जास्त. एका उड्डाणाची सरासरी सुमारे 3.6 टन. जगातला सरासरी माणूस वर्षभरात, स्वयंपाक, वीज, गाडी सगळं धरून, साडेचार-पाच टनांपर्यंत जातो. तिथे हे एक उड्डाण! टक्केवारी काढताना खाली काय ठेवायचं हे आपणच ठरवतो. खाली सगळी प्रवासी विमानं ठेवली की दोन टक्के दिसतात, माणसं ठेवली की तोंडात बोट घालायची वेळ येते.

त्याच अभ्यासात मला सगळ्यात ओळखीची वाटली ती गोष्ट म्हणजे जवळपास निम्मी उड्डाणं 500 किलोमीटरच्या आतली होती. विमान सगळ्यात जास्त इंधन पितं ते वर चढताना. छोट्या फेरीत ते नीट उंचीवर पोचतंय न पोचतंय तोच उतरायला सुरुवात होते. बचत व्हायची ती वरच्या सपाट टप्प्यात, आणि तोच टप्पा आखूड.

त्यात टँकरिंग. पुढच्या विमानतळावर इंधन महाग असेल तर इथूनच जास्तीचं भरून न्यायचं. ते ओझं वाहायलाही इंधन जळतं, पण बिल कमी येतं. असे प्लॅन मीही केलेत, निमूटपणे.

अवयव घेऊन जाणारी, रुग्णाला हलवणारी विमानंही याच टेबलावरून जायची. तिथे इंधनाचा हिशेब विचारायला माझी जीभ आजही रेटत नाही. पण ती थोडी.

"हिरवं इंधन आलंय की आता!" हा उपप्रश्न. म्हणजे खनिज तेलाऐवजी वापरलेलं खाद्यतेल, कचरा अशा गोष्टींपासून बनवलेलं विमानइंधन. आलंय, पण फार थोडं, आणि महाग. शिवाय बऱ्याचदा व्यवहार कागदावर होतो: पैसे या मालकाने भरायचे, इंधन भलत्याच विमानतळावर भलत्याच विमानात पडायचं आणि श्रेय याच्या नावावर. युरोपीय संघाने 2025 पासून संघातल्या विमानतळांवर पुरवल्या जाणाऱ्या इंधनात किमान 2 टक्के असं इंधन बंधनकारक केलंय. म्हणजे उरलेलं 98 टक्के कुठलं, ते तुम्हीच ओळखा.

मी काम सोडलं ते तत्त्वासाठी वगैरे नाही. रात्रपाळी झेपेना, इतकंच. सवय मात्र गेली नाही. झोप लागली नाही की मोबाइलवर विमानं दाखवणारं अ‍ॅप उघडतो. परवा एक छोटा ठिपका संध्याकाळी गेलेल्या वाटेनेच मध्यरात्री उलटा येत होता. उंची, वेग, दिशा सगळं दिसत होतं. पॅक्सचा रकाना त्या अ‍ॅपमध्ये नसतो.