सांडलेलं पाणी जातं कुठे?

"आणि सांडलेलं पाणी थांबणार कुठे?" इंजिनियर बाईंनी विचारलं, आणि मित्र गप्प झाला.

गच्चीवर इन्फिनिटी पूल, म्हणजे पोहण्याचा तलाव, बांधायचाय त्याला. पाणी काठावरून सतत सांडत राहतं म्हणून काठ दिसत नाही, पाणी थेट आभाळाला टेकतं, तसला. वजनाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: 1.2 मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला 1200 किलो. साधी गच्ची दीडशे-दोनशे किलोच्या हिशेबाने बांधतात, त्यामुळे खालून नवे खांब-तुळया आल्याच. तेही त्याने मान्य केलं होतं.

पण सांडणारं पाणी? ते काठावरून पन्हळीत, तिथून खालच्या टाकीत जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. 70 किलोचा माणूस पोहायला उतरला, की साधारण 70 लिटर पाणी बाहेर. चार जणांनी एकदम उडी मारली तर टाकीने ते सगळं झेलायचं. काठ काही मिलिमीटर जरी तिरका झाला तर पाणी एकाच बाजूने वाहतं, दुसरी बाजू कोरडी. पंप बंद पडला की पातळी काठापर्यंत उतरते, सांडणं थांबतं आणि 'इन्फिनिटी' तिथेच संपते! (वाऱ्याने उडणारं पाणी वेगळंच.)

मला वाटतं, या पूलचं खरं डिझाइन त्या टाकीचं असतं. फोटोत ती कधीच नसते, म्हणून कुणी विचारतही नाही.

कुणी असं बांधलंय का? टाकी कुठे बसवलीत?