मांजरीच्या पिल्लाला दवाखान्यात केव्हा न्यावे?

खानदेशात चांगल्या बाजारभावाची वाट पाहत कापूस घरातच रचून ठेवण्याची रीत आहे आणि त्या उबदार ढिगात मांजर हमखास विते. पुढे व्यापारी येतो, कापूस हलतो, आई घाबरून एखादे पिल्लू मागे टाकून निघून जाते आणि ते पिल्लू त्या घराचे होते. आमच्याकडे बहुतेक पिल्ले अशीच येतात. त्यामुळे ते नेमके किती दिवसांचे आहे, आईचे दूध त्याला किती दिवस मिळाले, आईला काही आजार होता का, यांपैकी काहीच सांभाळणाऱ्याला ठाऊक नसते. असे पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मलूल झाले की घरात एकच प्रश्न उभा राहतो : थांबावे की डॉक्टरकडे न्यावे? आमच्या भागातील पुष्कळ जाणती माणसे सहज म्हणून जातात, ‘मांजरले काय दवाखाना लागस का?’ त्यांनी गायी-म्हशींची अवघड दुखणी निभावलेली असतात आणि तो अनुभव मोलाचाच असतो. परंतु मोठ्या जनावराला एक दिवस वाट पाहणे परवडते, ते या इवल्या जिवाला परवडत नाही, हे मला येथे कळकळीने सांगायचे आहे.

याचे कारण साधे हिशेबाचे आहे. महिन्याभराच्या पिल्लाचे वजन सुमारे ४०० ते ४५० ग्रॅम असते. दोन-चार वेळा पातळ जुलाब आणि उलट्या होऊन त्याच्या अंगातले ४० ग्रॅम पाणी गेले, तर शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. एवढे पाणी कमी होणे कोणत्याही प्राण्यासाठी गंभीर असते. त्यात इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो, त्यामुळे काही तास पोटात काही गेले नाही की रक्तातली साखर उतरते आणि ते गळून पडते. शिवाय दुखणे लपवणे हा मांजराचा स्वभावच आहे. ते विव्हळत नाही, कोपऱ्यात जाऊन गप्प बसते, आणि आपल्याला ते ‘शांत झोपले’ असे वाटते.

म्हणून पिल्लू घरात आले की सर्वांत आधी ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मिळवावा. जन्मतः पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते आणि पहिल्या काही आठवड्यांत रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. दोन महिन्यांच्या सुमारास ते ८०० ते ९०० ग्रॅमपर्यंत पोहोचते. वय माहीत नसेल तर डोळे आणि दात पाहावेत. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात आणि पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. रोज ठरलेल्या वेळी वजन करून कागदावर लिहून ठेवावे. एक दिवस आकडा वाढला नाही तर लक्ष ठेवावे. तो सलग दोन दिवस वाढला नाही, किंवा एकाच दिवशी घटलेला दिसला, तर पिल्लू वरून कितीही खेळकर वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. आपल्या डोळ्यांना रोडपणा दिसण्याच्या कितीतरी आधी काटा तो दाखवतो.

काही गोष्टींनी मात्र घाबरून जाण्याचे कारण नसते. दिवसातले अठरा-वीस तास झोपणे, झोपेत पाय थरथरणे, दूध पिऊन उचकी लागणे, क्वचित एखादी शिंक येणे, नव्या घरात पहिला दिवस पलंगाखाली दडून राहणे, हे सारे स्वाभाविक आहे. मात्र दडून बसलेले पिल्लू रात्रीच्या शांततेत बाहेर येऊन खाते की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

खाणे थांबले की वयाप्रमाणे घड्याळ सुरू होते, असे समजावे. चार आठवड्यांहून लहान पिल्लाने लागोपाठ दोन वेळा दूध नाकारले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. महिना-दोन महिन्यांच्या पिल्लाने बारा तास काही खाल्ले नाही तरी तेच करावे. त्याहून मोठ्या पिल्लाच्या बाबतीत चोवीस तास ही शेवटची मर्यादा आहे, आणि सोबत उलटी किंवा जुलाब असतील तर तेवढेही थांबू नये. पिल्लू हाताला गार लागत असेल आणि मान टाकत असेल, तर आपला हात पहिल्यांदा दुधाच्या वाटीकडे जातो, तो आवरला पाहिजे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. त्याला नीट गिळताही येत नसल्याने ते दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. आधी त्याला फडक्यात गुंडाळून अंगाशी धरावे किंवा कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून शेजारी ठेवावी, हिरड्यांना बोटाने साखरेच्या पाण्याचा थेंब चोळावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. पहिल्या आठवड्यातील पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. धुळे-जळगावकडच्या पौष-माघातल्या पहाटे उघड्या ओट्यावर राहिलेली पिल्ले पुष्कळदा रोगाने जात नाहीत, निव्वळ थंडीने जातात.

आता ज्या आजाराची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते, त्याविषयी. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा पार्व्हो विषाणूचा आजार होय. तो आतड्यांचे अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी या दोहोंवर एकदमच घाला घालतो. पिल्लू अचानक खाणे सोडते, अंग तापते, फेसाळ किंवा पिवळसर उलट्या होतात, नंतर दुर्गंधीयुक्त, कधी रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेले, पण पाणी न पिणारे पिल्लू हे या आजाराचे ओळखीचे चित्र आहे. लस न घेतलेल्या लहान पिल्लांमध्ये मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते आणि काही वेळा एका दिवसातच सारे संपते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हे घडले की ‘ऊन लागले’ एवढे म्हणून कांद्याचा रस, ताक किंवा साखरपाणी दिले जाते. कांदा तर मांजराला स्वतंत्रपणे विषारी आहे. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. या विषाणूला मारणारे औषध नाही, परंतु वेळेवर सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविके मिळाली तर काही पिल्ले खरोखर वाचतात. हा आजार माणसाला होत नाही. मात्र विषाणू घरात कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो, म्हणून त्या जागी लस न घेतलेले दुसरे पिल्लू आणू नये. फरशी ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसून, धुऊन, पूर्ण वाळू द्यावी. फिनेल वापरू नये, कारण त्यातली फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या शरीराला बाहेर टाकता येत नाहीत.

श्वासाबाबत तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. कुत्रे धापा टाकते तसे मांजर सहसा टाकत नाही. स्वस्थ पडलेल्या पिल्लाच्या पोटाची हालचाल मिनिटभर मोजावी. ती साधारण २० ते ४० च्या दरम्यान असते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासागणिक पोट आत ओढले जाणे, जीभ किंवा हिरड्या निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब निघावे. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत कोंडलेल्या पिल्लाला उष्माघात होऊ शकतो. त्याला सावलीत आणून पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करावे, पंख्याचा वारा द्यावा, बर्फ लावू नये, आणि धाप थांबण्याची वाट न पाहता दवाखान्याकडे निघावे. वाटेतही अंग ओलसर ठेवावे.

डोळे चिकटणे, नाक वाहणे, शिंकांची सर येणे हा बहुधा नागीणवर्गीय विषाणूने किंवा कॅलिसी विषाणूने होणारा मांजरांचा ‘फ्लू’ असतो. डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसावेत. नाक बंद झाले की पिल्लाला वास येत नाही आणि वास आला नाही की ते खात नाही, म्हणून साध्या दिसणाऱ्या सर्दीतही दुसऱ्या दिवशी डॉक्टर हवा. डोळा पांढुरका दिसत असेल, पिल्लू तो मिटून धरत असेल, किंवा न उघडलेल्या पापण्यांमागे पू साठून फुगवटा आला असेल, तर त्याच दिवशी न्यावे. घरात उरलेले माणसाचे डोळ्यांचे थेंब मुळीच घालू नयेत; त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची जखम चिघळून डोळा कायमचा जाऊ शकतो.

वरचा ओठ उचलून हिरड्या पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात. चिकट, कोरड्या हिरड्या म्हणजे पाणी कमी झाले आहे. पिवळट म्हणजे कावीळ. आणि पांढऱ्या पडलेल्या हिरड्या म्हणजे रक्त कमी झाले आहे. गोठ्यात किंवा कापसात जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर पिसवा इतक्या असतात की केवळ त्यांनीच रक्त शोषल्याने ते दगावू शकते. अशा वेळी लोक रॉकेल चोळतात, गुरांच्या गोचिडांचे औषध लावतात किंवा कुत्र्यासाठी आणलेले थेंब मानेवर टाकतात. हे कृपा करून करू नये. कुत्र्याच्या अनेक औषधांत असणारे परमेथ्रिन आणि गुरांच्या औषधातले डेल्टामेथ्रिन या एकाच वर्गातील द्रव्यांनी मांजराला झटके येतात. लहान पिल्लासाठी बारीक दातांची फणी आणि कोमट पाणी पुरेसे आहे. औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच द्यावे.

तापासाठी पॅरासिटामॉल देणे हा त्याहून मोठा घात आहे. माणसाचे यकृत ते औषध ज्या मार्गाने निकामी करते, तो मार्ग मांजरात जवळजवळ नाहीच. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी होतात, चेहरा सुजतो, आणि एका गोळीत मोठे मांजरही मरू शकते. कोणी ते चुकून दिले असेल तर लक्षणांची वाट न पाहता तडक निघावे आणि काय, किती, केव्हा दिले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. फवारणीच्या दिवसांत लाळ गळणे, अंग फडफडणे, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होणे ही विषबाधेची लक्षणे असतात. अंगावर औषध उडाले असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून, औषधाच्या डब्याचा किंवा लेबलचा फोटो काढून सोबत न्यावा. त्यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. कुत्र्याने धरलेल्या पिल्लाच्या अंगावर दाताचे दोनच बारीक व्रण दिसले तरी आत मोठी इजा असू शकते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये, आतडे कापले जाते.

फुगलेले पोट, विष्ठेत जंत, कानात काळा मळ, अंगावर गोल टक्कल ही दुखणी दोन-चार दिवसांत दाखवली तरी चालतात. मात्र टक्कल गजकर्णाचे असू शकते आणि ते घरातल्या मुलांनाही लागते, म्हणून हात धुवावेत.

डॉक्टर कोठे गाठावा, हा आपल्या भागातला खरा पेच आहे. जळगाव, धुळे यांसारख्या शहरांत पाळीव प्राण्यांचे खाजगी दवाखाने आहेत. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. त्यांपैकी काहींत पशुवैद्यक पदवीधर असलेला पशुधन विकास अधिकारी असतो, तर काहींत पशुधन पर्यवेक्षक. पशुसंवर्धन विभागाची १९६२ ही टोल फ्री सेवा प्रामुख्याने गुराढोरांसाठी आहे, तरी जवळचा डॉक्टर कोण हे विचारायला ती उपयोगी पडू शकते. पिल्लू निरोगी असतानाच फोन करून ‘मांजर पाहता का, सलाईन लावता का, रविवारी कोण असते’ हे विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून, चोपडा-यावलच्या सातपुड्याकडच्या गावातून निघायचे तर प्रवासातच अर्धा दिवस मोडतो. वर जे तास मी दिले आहेत, त्यातून हा प्रवासाचा वेळ वजा करूनच निर्णय घ्यावा. अंतर जितके लांब, तितके लवकर निघावे लागते.

नेताना केळीच्या खोक्याला हवेसाठी भोके पाडून, आत जुने सुती कापड अंथरून पिल्लू ठेवावे आणि उन्हाळ्यात शक्यतो सकाळच्या पहिल्या गाडीने निघावे; मोटारसायकलवर उघडे धरून नेऊ नये. वजनांचा कागद, उलटी-जुलाबाचा फोटो, श्वासाचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि डबीत पिल्लाची थोडी विष्ठा सोबत असली तर, एरवी गुरेच पाहणाऱ्या डॉक्टरांनाही निदान करणे सोपे जाते. पिल्लू चावले किंवा ओरखडले असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. रेबीजची लस तिथे मिळते. घरी परतल्यावर दिलेले औषध सुरू असतानाही वजन करणे सोडू नये. चोवीस तासांत आकडा खालीच जात राहिला, किंवा औषधच उलटून पडले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता पुन्हा फोन करावा. पिल्लू सावरले की लसीचे विचारावे : पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर.