आडनावाच्या जागी एक अक्षर

जर्मनीत राहायला आल्यावर वृत्तपत्रांतील एका रिवाजाने मी सुरुवातीला बुचकळ्यात पडलो. गुन्ह्याच्या बातमीत बहुधा आरोपीचे पहिले नाव पूर्ण छापतात, आडनावाचे मात्र केवळ आद्याक्षर. संशयिताचे नाव, गाव आणि छायाचित्र पहिल्याच दिवशी वाचण्याची सवय असलेल्या मला ही वाचकाची अडवणूक वाटली होती.

या संकोचाला इतिहास आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क याच्या मृत्यूनंतर दोन छायाचित्रकारांनी रात्री त्याच्या घरात शिरून शवाचे छायाचित्र काढले. त्या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर १९०७ मध्ये संमतीशिवाय कोणाचेही छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई झाली. मात्र समकालीन इतिहासाशी निगडित छायाचित्रांना त्याच कायद्याने सूटही दिली.

माझे मत बदलले ते २०१९ च्या एका निकालामुळे. १९८१ मध्ये एका शिडाच्या नौकेवर दोघांचा खून करणाऱ्या इसमाला जन्मठेप झाली आणि २००२ मध्ये तो सुटला. पण एका साप्ताहिकाने १९९९ पासून आपले जुने अंक इंटरनेटवर खुले केल्यामुळे त्याचे नाव शोधताच तो खून समोर येत असे. त्याच्या तक्रारीवर कार्ल्सरूऽ येथील जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने लेख काढून टाकण्याचा आदेश दिला नाही, तसेच वृत्तपत्रस्वातंत्र्याचे कारण देऊन त्याला परतही पाठवले नाही. लेख संग्रहात शक्यतो जसाच्या तसा राहावा, पण केवळ नाव टाकून शोधणाऱ्याला तो सहज सापडू नये, अशी तांत्रिक सोय करता येईल का हे तपासायला हवे, असे न्यायालयाने म्हटले. प्रकाशकाने आपणहून सगळा संग्रह चाळावा अशीही अपेक्षा नाही; संबंधिताने तक्रार केल्यावरच त्याची जबाबदारी सुरू होते. जपून ठेवणे आणि सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

अर्थात पहिला निर्णय प्रकाशकाच्याच हाती राहतो, आणि खटल्याची कटकट टाळण्यासाठी तो गरजेपेक्षा अधिक लपवील, ही शंका मला सतावते.

तरीही युरोपीय डेटा संरक्षण नियमावलीचे कलम ८५ पत्रकारितेसाठी आवश्यक त्या सवलती ठेवण्याचे बंधन सदस्य देशांवर घालते. भारताच्या डेटा संरक्षण कायद्याच्या २०१८ च्या मसुद्यात पत्रकारितेला अशी सूट होती; २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही.