ताईचे गुडघे आणि ओझोनची दहा सिटिंग

माझी थोरली बहीण यंदा एकाहत्तर वर्षांची झाली आणि वाढदिवसाला तिच्या मुलाने तिला ओझोन थेरपीच्या दहा सिटिंगचे पॅकेज भेट दिले. भाचा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. आईचे गुडघे दुखतात, तिला मधुमेह आहे, रात्री झोप लागत नाही, हे सारे तो रोज फोनवर ऐकत असतो. इतक्या दुरून आपल्याला काय करता येईल, या काळजीत असताना पुण्यातल्या एका वेलनेस केंद्राची जाहिरात त्याच्या पाहण्यात आली. 'तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली ओझोनद्वारे शरीरशुद्धी' असे त्यावर छापलेले होते. भाच्याच्या मायेविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु मी एकतीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे ते पत्रक वाचल्यावर ताईला एवढेच म्हणालो, "पहिल्या दिवशी मी तुझ्याबरोबर येतो. सुई टोचण्याआधी आपण डॉक्टरांशी बोलू."

ओझोनशी माझा परिचय प्रयोगशाळेतला. एकात एक बसवलेल्या दोन काचेच्या नळ्या, त्यांच्यामधल्या फटीतून सावकाश जाणारा कोरडा ऑक्सिजन आणि ठिणगी न पडता होणारा उच्च दाबाचा विद्युत विसर्ग, ही वर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ साली शोधलेली रचना विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मला नेहमीच आनंद होत असे. त्याआधी १८४० साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान शोनबाइन यांनी विद्युत प्रयोगांच्या वेळी येणाऱ्या उग्र वासावरून हा वायू ओळखला आणि 'वास येणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून त्याला नाव दिले. स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेला कागद ओझोनमध्ये निळा पडतो, ही परीक्षाही त्यांचीच. आम्ही मात्र पाऱ्याचा प्रयोग अधिक हौसेने दाखवत असू. एरवी काचेवरून मोत्यासारखा घरंगळणारा पारा ओझोन लागताच काचेला चिकटतो आणि मागे शेपटी सोडत जातो. या उपकरणाच्या जोडणीत रबराचे बूच किंवा नळी वापरू नये, अशी सक्त सूचना असे, कारण ओझोन रबराला भेगा पाडतो. जो वायू पाऱ्याला आणि रबराला असा भिडतो तो रक्तात मिसळणार असेल, तर त्याचे प्रमाण, वेळ आणि हेतू या तिन्ही गोष्टी नेमक्या ठाऊक असायला हव्यात, असे मला मनापासून वाटते.

केंद्रातील डॉक्टर तरुण होते आणि आमच्याशी अतिशय सौजन्याने बोलले, हे आधी सांगितले पाहिजे. त्यांनी पद्धत नीट समजावून सांगितली. शिरेतून सुमारे शंभर मिलिलिटर रक्त काचेच्या निर्जंतुक बाटलीत घ्यायचे, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालायचे, मग ऑक्सिजन आणि ओझोन यांचे मिश्रण त्यात सोडून बाटली हलक्या हाताने फिरवायची आणि तेच रक्त पुन्हा शिरेतून शरीरात सोडायचे. या मिश्रणात ओझोनचा वाटा जेमतेम एक ते पाच टक्के असतो, बाकी सगळा ऑक्सिजनच. हा वायू साठवून ठेवता येत नाही. खोलीच्या तापमानाला तासाभराच्या आतच त्यातला निम्मा ओझोन पुन्हा ऑक्सिजनमध्ये बदलतो, म्हणून तो जागेवर तयार करून लगेच वापरावा लागतो. इथपर्यंत मला आक्षेप घेण्यासारखे काहीच नव्हते.

त्यानंतर त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. बाटलीतले काळपट रक्त वायू मिसळताच लालभडक झाले. ताईच्या चेहऱ्यावर एकदम समाधान दिसले. "बघ, किती घाण होती, कसं स्वच्छ झालं," ती हळूच मला म्हणाली. मला त्या क्षणी जे वाटले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. शिरेतले रक्त काळपट दिसते ते त्यात घाण असते म्हणून नव्हे. त्यातील हिमोग्लोबिनने आपल्याजवळचा बराचसा ऑक्सिजन पेशींना देऊन टाकलेला असतो, म्हणून ते तसे दिसते. त्याला पुन्हा ऑक्सिजन मिळाला की ते लाल होते. ओझोनचा एक कणही नसलेला शुद्ध ऑक्सिजन त्या बाटलीत सोडला असता तरी रंग असाच बदलला असता, आणि हेच काम आपली फुप्फुसे प्रत्येक श्वासासरशी, कोणतीही बाटली न वापरता, करीत असतात. रंगातला हा बदल शुद्धीचा पुरावा म्हणून रुग्णाला दाखवणे मला योग्य वाटत नाही. दाखवणाऱ्याचा हेतू चांगला असला तरीही नाही, कारण पाहणाऱ्याच्या मनात त्यातून चुकीचे चित्र ठसते आणि एकदा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट शब्दांनी पुसणे फार कठीण असते.

मी डॉक्टरांना विचारले, "या उपचाराने ताईच्या शरीरातून नेमके कोणते विषद्रव्य बाहेर पडणार आहे, आणि ते कमी झाले हे कोणत्या तपासणीतून कळेल?" ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "सर, अशी विशिष्ट तपासणी आम्ही करत नाही. पेशंटना फ्रेश वाटतं." त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला. मात्र त्या उत्तराने 'शरीरशुद्धी' या शब्दाखालचा आधारच निघून गेला, असे माझे मत झाले.

विषद्रव्ये काढून टाकण्याचे उपचार वैद्यकशास्त्रात आहेत आणि ते अत्यंत काटेकोर आहेत. रक्तात शिसे वाढले असेल तर त्याचे प्रमाण मोजतात, त्याला बांधून लघवीवाटे बाहेर नेणारे औषध देतात आणि पुन्हा मोजतात. मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिस करतात, आणि आधीचे व नंतरचे क्रिएटिनिन व युरिया कागदावर लिहिलेले असतात. तेथे विषाला नाव असते आणि आकडा असतो. निरोगी शरीरात हेच काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करतात. यकृत अमोनियाचे युरियात रूपांतर करते, औषधे आणि मद्य यांचे विघटन करते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत पाठवतात. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. बाटलीत घेतलेले शंभर मिलिलिटर म्हणजे त्याचा पन्नासावा भाग. तो पूर्णपणे 'धुतला' असे क्षणभर धरले, तरी उरलेल्या एकोणपन्नास भागांचे काय, हा साधा हिशेब ताईलाही लगेच पटला.

आपल्या लहानपणी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एरंडेल पाजून पोट साफ केले जात असे. आतून स्वच्छ होण्याची ओढ आपल्या मनात तेव्हापासूनची आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. पण तिच्या आधारावर कोणी दहा सिटिंगचे पैसे घेत असेल, तर त्याच्याकडून नेमके उत्तर मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ओझोन रक्तात गेल्यावर काय होते, याचा गंभीर अभ्यास झालेला आहे. इटलीतील सिएना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हेलिओ बोच्ची यांनी त्यासाठी अनेक वर्षे दिली. रक्तद्रवात शिरताच ओझोन काही क्षणांत संपतो. तो युरिक आम्ल, क जीवनसत्त्व आणि असंपृक्त मेदाम्ले यांच्याशी अभिक्रिया करतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड व मेदांच्या ऑक्सिडीकरणाची काही संयुगे तयार होतात. हा लहानसा आघात बसल्यामुळे शरीर आपली संरक्षक विकरे (एन्झाइम) अधिक तयार करू लागते, असे या उपचाराचे समर्थक मानतात. ही कल्पना तपासण्याजोगी आहे, आणि ती तपासली जावी असेच मला वाटते. पण तिच्यात विष बाहेर टाकण्याचा कोठेही संबंध नाही. संशोधक आघाताला मिळणाऱ्या प्रतिसादाविषयी बोलतात, तर जाहिरात धुलाईविषयी बोलते.

आता 'वैद्यकीय देखरेख' या शब्दांकडे येतो, कारण भाच्याचा सगळा विश्वास त्यांवरच होता. देखरेख आवश्यक आहे, यात वाद नाही. ज्यांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-६-पीडी या विकराची कमतरता आहे, त्यांना ओझोनमुळे रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. ही कमतरता जन्मजात असते आणि अनेकांना तिची कल्पनाही नसते. आपल्याकडे पारशी समाजात ती तुलनेने अधिक आढळते, याची नोंद मुंबईतल्या संशोधकांनी फार पूर्वीच केली आहे. वाढलेला थायरॉइड, गर्भारपण, कमी झालेल्या प्लेटलेट्स, या स्थितींतही हा उपचार करू नये, असे त्याचे समर्थकच सांगतात. २०१० साली माद्रिद येथे ओझोन उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक जाहीरनामा केला. श्वासावाटे ओझोन देणे त्यात निषिद्ध मानलेले आहे आणि वायू थेट शिरेत टोचण्याची शिफारस केलेली नाही, कारण रक्तवाहिनीत वायूचा बुडबुडा अडकला तर माणूस दगावू शकतो. इटलीत ओझोनसाठी काढलेल्या रक्ताच्या हाताळणीतून रुग्णांमध्ये हेपटायटिस सी पसरल्याचे प्रकरण २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे बाटली, सुई आणि हात यांची स्वच्छता हाही देखरेखीचाच भाग आहे.

श्वासाच्या धोक्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ओझोन म्हणजे 'जास्त ताकदीचा ऑक्सिजन' असे सांगितलेले मी कित्येकदा ऐकले आहे. आपल्या देशाच्या हवेच्या गुणवत्तेच्या मानकांनुसार ओझोन हा प्रदूषक आहे आणि आठ तासांच्या सरासरीने त्याची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. उपचारासाठी मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम इतके मिश्रण सर्रास वापरतात. दोन्ही आकडे एकाच एककात आणले तर बाटलीतला वायू त्या मर्यादेच्या तीन लाख पट तीव्र ठरतो. म्हणून ज्या खोलीत उपचार चालतो तेथे ओझोनचा वास येत असेल, तर तेथे बसू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत तर ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही उपयुक्त वैद्यकीय वापर ज्ञात नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. हे विधान काहींना टोकाचे वाटेल. मला ते किमान वाचून तरी पाहावे असे वाटते.

एवढी सगळी काळजी घेतली तर उपचाराची क्रिया सुरक्षित होते, पण त्यामागचा दावा त्याने खरा ठरत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मला भाच्याला फोनवर समजावून सांगताना सर्वांत अधिक वेळ लागला. तो म्हणाला, "मामा, पण तिथे डॉक्टर आहेत ना?" मी म्हणालो, "आहेत, आणि चांगले आहेत. सुई नीट टोचली जाईल, रक्तदाब पाहिला जाईल. पण आईला कोणता आजार आहे म्हणून हे करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. तिच्या मधुमेहासाठी नाही, गुडघ्यासाठीही नाही." सिटिंगनंतर मळमळ किंवा कणकण आली तर ती 'विष बाहेर पडत असल्याची खूण' समजावी, असे त्या पत्रकात लिहिले होते. मला ते वाक्य सर्वांत धोकादायक वाटले. त्रास झाला नाही तर उपचार लागू पडला आणि त्रास झाला तरीही लागू पडला, असे एकदा मानले की रुग्ण खऱ्या दुष्परिणामाची तक्रार करायला उशीर करतो.

ओझोनचा सगळाच वापर निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. कण्यातील सरकलेल्या चकतीच्या दुखण्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने नेमक्या जागी ओझोन टोचण्याचा उपचार इटलीत बरीच वर्षे होत आला आहे आणि काही रुग्णांना त्याने आराम पडल्याचे अभ्यास आहेत. गुडघ्याच्या झिजेत काही काळ वेदना कमी होतात, असेही अभ्यास आहेत, पण तो आराम फार टिकत नाही. मधुमेही पायाच्या जखमांवरील ओझोन उपचाराचा, वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या 'कोक्रेन' या संस्थेचा आढावा २०१५ साली आला. त्यात अवघ्या तीन चाचण्या आणि २१२ रुग्ण होते आणि ठाम निष्कर्ष काढता येणार नाही, असे त्यांनी नमूद केले. ही सगळी ठरावीक आजारांवरची, ठरावीक जागी केलेली कामे आहेत. 'एकूणच तब्येत सुधारणे' या मोघम हेतूशी त्यांचा संबंध नाही.

ताईने त्या दिवशी सुई टोचून घेतली नाही. केंद्राने थोडी रक्कम कापून उरलेले पैसे परत केले. आठवडाभराने आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी उभे राहून गुडघ्यांचे एक्स-रे काढायला सांगितले आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. आता ती रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळते, दहा मोजते आणि सोडते. ओझोनच्या इंजेक्शनविषयी तिने त्या डॉक्टरांनाही विचारले. आधी तीन महिने व्यायाम, वजन चार किलो कमी, आणि मग गरज पडली तर कोणते इंजेक्शन हे बोलू, असे ते म्हणाले. जी-६-पीडीची तपासणी मात्र तिने स्वतःहून करून घेतली आणि तिचा अहवाल नॉर्मल आला. झोपेची तक्रार बहुधा रात्री चारदा लघवीला उठावे लागते त्यामुळे असावी, असे तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी त्यांनी गेल्या आठवड्यात औषधांच्या वेळा बदलल्या आहेत. भाचा दिवाळीला येणार आहे, तोपर्यंत साखरेची वही नीट भरून ठेवायचे तिने कबूल केले आहे.