क्रॉमफर्ड ते अँबरगेट: पाण्याच्या कडेकडेने

शनिवार, ऑक्टोबरचा मध्य. पाऊस पहाटे थांबला, झाडं मात्र दुपारपर्यंत ठिबकत होती.

इंग्लंडच्या डर्बीशरमधली डर्वेंट नदी. डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी लोकल या नदीच्या सोबतीनेच जाते, तासाला साधारण एक. क्रॉमफर्डला उतरायचं, कालव्याच्या काठाने अँबरगेटपर्यंत चालायचं आणि तिथून त्याच लाइनीची गाडी पकडून परतायचं. स्टेशन-टू-स्टेशन नऊ किलोमीटरच्या आसपास. नुसतं चाललं तर अडीच तास, बघत चाललं तर पाच. उलट दिशेने येणारेही पुष्कळ असतात, पण क्रॉमफर्डहूनच सुरुवात करावी. गिरणी, कालवा, पंप, जलसेतू या क्रमाने गेलं तर पाण्यावरून काय काय झालं ते ओळीने कळत जातं.

स्टेशनवरून खाली उतरलं की जुना दगडी पूल. त्याच्या कमानी एका बाजूने टोकदार, दुसऱ्या बाजूने गोल, कारण पूल नंतर रुंद केला. पुलावरून पुढे रिचर्ड आर्कराइटची १७७१ची गिरणी. पाण्याच्या शक्तीवर सूत कातणारी ही पहिली यशस्वी गिरणी. रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर खिडक्याच नाहीत, किल्ल्यासारखी कोरी भिंत. यंत्रं फोडायला येणाऱ्या जमावाची धास्ती होती.

बहुतेक जण नदीच्या बाजूला चाक शोधतात आणि चुकतात. पहिली गिरणी डर्वेंटवर चालतच नव्हती. ती चालायची बॉन्सॉलच्या ओढ्यावर आणि शिशाच्या खाणींतलं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून डोंगरात खणलेल्या बोगद्यावर. अशा बोगद्याला इकडे ‘सफ’ म्हणतात. डोंगराच्या पोटातलं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नसे आणि चाक अडत नसे. रस्त्यावरून आडवी गेलेली ओतीव लोखंडाची पन्हळ हेच पाणी नेण्यासाठी होती. आर्कराइट मोठ्या नदीकडे वळला तो १७८३ साली, वरच्या अंगाच्या मॅसन मिलसाठी.

आत ठेवलेल्या वॉटर-फ्रेमपाशी, म्हणजे आर्कराइटच्या सूत कातायच्या यंत्रापाशी, थोडं थांबावं. पेळूपासून केलेली जाडसर वात रुळांच्या जोड्यांमधून जाते. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरते, म्हणून वात ताणली जाऊन बारीक होते आणि खाली चातीवर तिला पीळ बसतो. कल्पना सोपी, गोम रुळांमधल्या अंतरात. अंतर कापसाच्या तंतूपेक्षा कमी पडलं तर तंतू दोन्हीकडून पकडला जाऊन तुटतो. फार जास्त झालं तर मधले तंतू मोकळे सुटतात आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक येतं. वरच्या रुळावर वजन कमी पडलं तरी वात घसरते. हे जमल्यावर विलायतेत पहिल्यांदा उभ्या ताण्याला टिकेल असं सुती सूत यंत्रावर निघालं. त्याआधी तिथे ताणा बहुधा लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, असे. आपल्याकडच्या छापील सुती कापडावर १७२१च्या कायद्याने तिथे बंदी होती. आर्कराइटने १७७४ साली विलायतेतच विणलेल्या शुद्ध सुती कापडाला त्यातून सूट मिळवली. पुढे १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत गिरणी काढली, तिच्या कताईखात्याचं मूळ शोधत गेलं तर वाट इथवर येते. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याही इथल्याच, आणि त्यात लहान मुलं होती. हे आठवल्याशिवाय या अंगणातून बाहेर पडू नये.

गिरणीसमोरच कालव्याचा धक्का. क्रॉमफर्ड कालवा १७९४ साली पुरा झाला. विल्यम जेसप आणि बेंजामिन आउट्रम हे त्याचे इंजिनिअर. याची सगळी चौदा लॉक (होड्या वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) पूर्वेच्या टोकाला आहेत, त्यामुळे या भागात एकही चढ-उतार नाही. पायवाट सपाट आणि धक्क्याजवळ रुंद. पुढे ती अरुंद आणि चिखलाची होते, साधे बूट भिजतात.

दीड किलोमीटरवर हाय पीक जंक्शन. डोंगरावरून येणारी रेल्वे इथे कालव्याला मिळायची. उतार आठाला एकच्या आसपास, म्हणून वाघिणी दोराने सोडत आणि ओढत. १८८८ साली सुटलेल्या वाघिणी इतक्या वेगाने आल्या की कालवा आणि पलीकडचे रूळ ओलांडून पडल्या. त्यानंतर उतारावर खड्डा केला. सुटलेली वाघीण दिसली की सांधेवाला तिला खड्ड्यात वळवी. पाच मिनिटं चढून गेलं तर तो दिसतो, आणि त्यात एक मोडकी वाघीण अजून पडलेली आहे.

त्यानंतर लीवुडचं पंपघर. उंच चिमणी, तिच्या डोक्यावर ओतीव लोखंडाची कड. कालव्याचं पाणी मुख्यतः त्याच सफमधून येई. मग आणखी खालच्या पातळीवर मीरब्रुक सफ खणत नेला गेला. खालचा बोगदा डोंगरात पोहोचला की वरच्याचं पाणी तो ओढून घेणारच, जशी खालच्या अंगाला खोल विहीर पडली की वरच्या विहिरी आटतात. आर्कराइटच्या घराण्याने कोर्टात दाद मागितली, पण १८३९चा निकाल विरुद्ध गेला. खाण कोरडी करण्यासाठी काढलेलं पाणी कायम मिळेल असा हक्क गिरणीला सांगता येत नाही, असं कोर्टाने ठरवलं. पुढच्या दशकात सफचं पाणी गेलं. गिरणी खंगली आणि कालवाही उथळ पडू लागला.

म्हणून १८४९ साली हे वाफेचं इंजिन बसवलं. ते नदीचं पाणी तीस फूट वर कालव्यात चढवतं. एका फेऱ्याला चार टनांच्या आसपास, मिनिटाला सात फेरे. म्हणजे मिनिटाला अठ्ठावीस टन. एवढा दम असून नदीतून हवं तेव्हा उपसता येत नसे, कारण खालच्या गिरण्यांना पाणी लागे. परवानगी शनिवारी रात्री आठ ते रविवारी रात्री आठ, गिरण्या बंद असतानाची. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वेळापत्रक समजवावं लागणार नाही. स्वयंसेवक वर्षातून मोजकेच दिवस इंजिन वाफेवर चालवतात. तारखा बघून जावं, बंद दरवाजा बघून परतणारे फार.

पंपघराला लागूनच विगवेल जलसेतू. नदीवर ऐंशी फुटांची एकच कमान आणि तिच्यावरून कालवा. बांधल्यावर लवकरच तो फाटला. जवळच्या क्रिचच्या चुन्याने गच्च पकड धरली नाही. जेसपने चूक पत्करली आणि दुरुस्ती पदरच्या पैशाने केली. पाण्यातल्या कामाला सगळा चुना चालत नाही. आपले जुने गवंडी घाणीत चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मळत ती याचसाठी. सेतूच्या मध्यावर उभं राहून आधी कालव्याकडे आणि मग नदीकडे बघावं. क्रॉमफर्डला दोन्ही पाणी शेजारी होतं. कालवा आहे तिथेच राहिला, नदी तीस फूट उतरली.

पुढे ग्रेगरी बोगदा, सत्तर मीटरचा. आत दिवा नाही आणि वाट ओली, म्हणून टॉर्च हवी. समोरून कोणी येत असेल तर थांबून त्याला येऊ द्यावं.

बोगद्यानंतर गर्दी संपते आणि खरं रान सुरू होतं. कालवा १९४४ साली रीतसर सोडून दिला, आता हा पट्टा राखीव आहे. इथे पाण-घूस (वॉटर व्होल) राहते. ती दिसणं नशिबाचं, पण खूण सापडते. पाण्याच्या पातळीला बिळाची तोंडं, आणि जवळ बोटभर लांबीच्या, तिरप्या कापलेल्या देठांचा छोटा ढीग. कुत्रा असेल तर इथे साखळी सोडू नये. बीळ काठातच असतं, आणि काठ म्हणजे कालव्याचं अस्तर. ओली चिकणमाती मळून, तुडवून थरांनी बसवलेली. ती सतत ओली असेल तोवरच पाणी धरते. पाणी उतरलं की माती तडकते, झाडांची मुळं फटीत शिरतात, आणि मग पाणी भरलं तरी झिरपून जातं. म्हणून इथे गाळ काढणारे आणि काठावरची रोपटी उपटणारे लोक मला इंजिनाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

व्हॉटस्टँडवेलला स्टेशन आहे. पाय दुखत असतील तर इथूनच गाडी घ्यावी. मी म्हणेन पुढे जावं. उजवीकडे खाली नदी झाडांतून मध्येच चमकते, डावीकडे उताराचं जंगल. साडेतीनच्या सुमारास ऊन एकदाच आलं तेव्हा पाण्यावरची पिवळी पानं जागच्या जागी होती, इतकं ते पाणी संथ. अँबरगेटच्या अलीकडे कालव्याचं पाणी संपतं आणि वाट खाली उतरते. स्टेशनवर एकच फलाट, म्हणून चढण्याआधी गाडी कुठली ते बघावं. डर्बीकडे जाणारी चार वाजून गेल्यावर आली.