तीन किलो सहाशे ग्रॅम

आमच्या वस्तीच्या वार्तापत्राचा माझ्या हातचा पहिला अंक आठ पानांचा ठरला होता आणि मजकूर जमला होता पाच पानांचा.

हे पत्र दर दोन महिन्यांनी निघतं. आधी ज्या बाई ते काढायच्या त्यांनी घर बदललं. वस्तीच्या बैठकीत ‘आता कोण घेतंय?’ असा प्रश्न आला, सगळे गप्प झाले, आणि मी हात वर केला. मला या देशात येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. भाषा कामापुरती येत होती. जिन्यात भेटणाऱ्यांशी नमस्कार व्हायचा, त्यापुढे गाडी सरकत नव्हती. घरून फोन आला की आई विचारायची, ‘शेजारी कोण राहतं गं तुझ्या?’ आणि मला सांगता यायचं नाही. हात वर करण्यामागे तेवढंच कारण होतं.

छपाईशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोर आकाराची चार पानं होतात. असे दोन कागद एकात एक घातले की आठ. म्हणून घडीच्या अंकाची पानं चारच्या पटीत वाढतात आणि चारच्याच पटीत कमी होतात. पाच पानांचा अंक काढता येत नाही. एकतर एक पान गाळून चारवर या, नाहीतर आणखी तीन पानं भरा. मी तीन पानं भरायचं ठरवलं.

फाटकाजवळच्या फलकावर मी सूचना लावली: ‘आपले लेख, कविता, अनुभव पाठवा.’ दहा दिवसांत एकही कागद आला नाही. मला वाटलं, लोकांना या पत्राची गरजच नाही. पण ‘लेख’ म्हटलं की माणूस मागे सरतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. लेख म्हणजे ज्यांना लिहिता येतं त्यांचं काम, असं बहुतेकांच्या मनात पक्कं असतं. अकराव्या दिवशी मी सूचनेचा नाद सोडला आणि तळमजल्यावरच्या आजोबांचं दार वाजवलं. त्यांच्या खिडकीसमोर एक मोठं झाड आहे. मी एवढंच विचारलं, ‘हे झाड इथे कोणी लावलं, तुम्हाला माहीत आहे का?’

ते तासभर बोलले. झाड त्यांच्या समोर लावलं गेलं होतं. त्या जागी आधी कपडे वाळत घालायच्या तारा होत्या, तारा काढायच्या की ठेवायच्या यावरून दोन इमारतींत वर्षभर भांडण चाललं होतं, आणि ज्यांनी झाड लावलं त्यांना त्याची सावली काही बघायला मिळाली नाही. मी सगळं उतरवून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन नावं दुरुस्त केली. दीड पान भरलं. अंक वाटला गेल्यावर आठवड्याभरात दोघांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की त्या तारांबद्दल त्यांना वेगळंच आठवतंय. पुढच्या अंकाचा मजकूर असा आपण होऊन आला.

तेव्हापासून मी लेख मागत नाही. प्रश्न घेऊन दारात जाते. प्रश्न लहान असावा आणि त्याच माणसाला सांगता येईल असा असावा. ‘वस्तीबद्दल काहीतरी लिहा’ म्हटलं की कोणी लिहीत नाही. ‘तुमच्या मजल्यावरची लिफ्ट बंद होती ते तीन आठवडे तुम्ही सामान कसं चढवलंत?’ असं विचारलं की माणूस बसा म्हणतो.

खरं अवघड काम त्यानंतरचं, संपादनाचं. मी ते चुकीच्या पद्धतीने शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चौथ्या अंकाच्या वेळी मागच्या इमारतीतल्या एक आजी दोन पानं लिहून घेऊन आल्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. ते तळघरात बसून सगळ्या वस्तीच्या सायकली दुरुस्त करून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. आजींनी त्यांच्यावर लिहिलं होतं, आणि त्या दोन पानांत ‘तो खाली असायचा’ हे वाक्य सात वेळा आलं होतं. जेवायची वेळ झाली, तो खाली असायचा. मुलं शाळेतून आली, तो खाली असायचा. मी संपादक म्हणून बसले आणि सातांपैकी सहा वेळचं वाक्य काढून टाकलं. परिच्छेद सलग केले, शेवट थोडा आवरला. मजकूर दोन पानांचा सव्वा पान झाला आणि मला समाधान वाटलं.

छापण्याआधी मी तो आजींना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, ‘हे व्यवस्थित आहे. पण हे मी लिहिलेलं नाही.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

घरी येऊन मी मूळ कागद मोठ्याने वाचला. पाचव्यांदा ‘तो खाली असायचा’ आलं तेव्हा मला पुढे वाचवेना. ते वाक्य परत परत येत होतं, कारण त्यांचा दिवस तसाच जात होता: घरातल्या प्रत्येक घटनेच्या वेळी एक माणूस खालच्या मजल्यावर आहे, हाक मारली की वर येईल. आणि आता ते वाक्य तेवढंच उरलं होतं. मी सातही वेळा ते परत घातलं. एका तारखेची आणि शुद्धलेखनाची दुरुस्ती सोडली तर बाकी काही बदललं नाही. अंक निघाल्यावर लोक त्या पानाबद्दल माझ्याशी बोलले, आणि प्रत्येकाने तेच वाक्य उच्चारलं.

याची मला जास्त खंत वाटायचं कारण वेगळं आहे. माझ्या स्वतःच्या मजकुराचं मुद्रितशोधन आमच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका करतात. मी इथल्या भाषेत लिहिते ते व्याकरणाने बरं असलं तरी वाक्याची चाल मराठी असते. पहिल्याच संपादकीयात त्यांनी माझ्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात लिहिलं होतं: ‘चूक नाही. असं आम्ही म्हणत नाही, पण कळतं. राहू द्या.’ तो कागद मी जपून ठेवला आहे. ज्या बाईला परक्या भाषेत स्वतःचा आवाज राखू दिला गेला, तिनेच दुसऱ्या बाईच्या स्वतःच्या भाषेतला आवाज पुसायला घेतला होता. आता माझा नियम असा आहे: नावं, तारखा, आकडे आणि शुद्धलेखन तपासायचं, बाकी मजकूर मोठ्याने वाचायचा, आणि लिहिणाऱ्याच्या तोंडचा वाटला की हात काढून घ्यायचा. कापायची वेळ आलीच, कारण जागा मोजकी असते, तर कुठे कापायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. ‘चाळीस शब्द कमी करायचे आहेत, कोणते करू?’ असं विचारलं की लोक स्वतःच नेमके शब्द काढून देतात.

आमच्या वस्तीत बरेच जण माझ्यासारखे बाहेरून आलेले आहेत. सातव्या अंकापासून आम्ही दर वेळी एक पान दोन भाषांत छापतो: एका स्तंभात लिहिणाऱ्याची भाषा, शेजारच्या स्तंभात इथली. ही कल्पना सुचली तेव्हा माझ्या डोक्यात ‘दर्पण’ होतं. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ते सुरू केलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर असाच शेजारीशेजारी स्तंभांत छापला जायचा. मराठीतलं पहिलं वृत्तपत्रच दोन भाषांना एका पानावर बसवत होतं, हे मी इथल्या बैठकीत सांगितलं, आणि ज्यांना शंका होती त्यांनी मान हलवली.

पहिलं दुभाषी पान अरबीचं होतं. एका शेजाऱ्याने आपल्या वडिलांच्या बागेबद्दल लिहिलं होतं. मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि पडद्यावर नीट दिसला असं मला वाटलं. मला अरबीचं एक अक्षरही येत नाही. पण त्यांच्या मूळ फाइलमध्ये अक्षरं एकमेकांना हात धरून चालल्यासारखी होती आणि माझ्या पानावर ती सुटी सुटी उभी होती. मराठीच्या पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेली आणि जोडाक्षरं पाय मोडून पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तोच आजार असणार, असं वाटलं. मी प्रूफ त्यांच्याकडे नेलं. अक्षरं तुटली होतीच, शिवाय ओळ डावीकडून उजवीकडे लागली होती, म्हणजे सगळं उलटं. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्यांची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी चालू करावी लागते. ती केली, आणि अरबीचा स्तंभ पानाच्या उजव्या बाजूला घेतला. त्यांनी तिसरं प्रूफ बघून ‘आता वाचता येतं’ म्हटलं तेव्हाच पान छपाईला गेलं. न येणाऱ्या लिपीचं पान तिच्या माणसाने बघितल्याशिवाय सोडायचं नाही, हे तेव्हापासून ठरलं.

फोटोंची गोष्ट छोटी आहे. लोक फोनवरून संदेशात फोटो पाठवतात, ॲप तो लहान करून टाकतं, आणि छापल्यावर चेहरे पुसट होतात. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर नऊ सेंटिमीटर रुंदीच्या स्तंभासाठी हजाराच्या थोडे वर पिक्सेल रुंदी लागते. म्हणून मूळ फोटो फाइल म्हणून पाठवायला सांगते. लहान मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी होकाराशिवाय घेत नाही, आणि घराचा क्रमांक कुठेच छापत नाही.

निनावी तक्रारी येतात. एकदा पेटीत दोन पानांचं पत्र आलं होतं, वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाबद्दल. नाव घेतलं नव्हतं, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं. मी ते छापलं नाही. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला उत्तर द्यायला दोन महिने थांबावं लागतं, आणि ते दोन महिने त्याला रोज त्याच जिन्याने चढायचं-उतरायचं असतं. पुढच्या अंकात मी चौकटीत लिहिलं की पत्र लिहिणाऱ्याने मला भेटावं, नाव माझ्यापाशीच राहील, मी दोन्ही घरांशी बोलेन. कोणी आलं नाही. ते पत्र माझ्या खणात आहे आणि मला अजून त्याची टोचणी आहे, कारण ज्याने लिहिलं त्याचा त्रास खरा असणार.

माझी स्वतःची एक चूक मात्र छापली गेली. अंगण साफ करायच्या दिवसाची सूचना ‘मंगळवार, १४’ अशी गेली. १४ तारखेला बुधवार होता. काही लोक मंगळवारी झाडू घेऊन आले, काही बुधवारी, आणि दोन्ही दिवशी हात कमी पडले. पुढच्या अंकात मी दुरुस्ती पहिल्या पानावर दिली, कारण चूक पहिल्या पानावर होती. त्या वेळी शिक्षिकाबाईंना वाटलं की एवढ्याशा गोष्टीला पहिलं पान कशाला. मला तसं वाटत नाही. चूक मोठ्या अक्षरांत आणि दुरुस्ती कोपऱ्यात, हे वाचकाला कळतं. आता वार आणि तारीख दोन्ही कॅलेंडर समोर ठेवून दोघी तपासतो.

आमची घरं १८० आहेत. अंक मी हातानेच वाटते. ए-फोरचा कागद ८० ग्रॅम प्रतीचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, असेल तर एका तावाचं वजन पाच ग्रॅम भरतं, ए-थ्रीचं दहा. दोन कागदांचा अंक वीस ग्रॅमचा, आणि १८० अंकांची पिशवी तीन किलो सहाशे ग्रॅमची. शिवाय ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही अशा बारा घरांसाठी मोठ्या अक्षरांची प्रत असते. ती करायला वेगळी मांडणी लागत नाही. या कागदांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतकं असतं, त्यामुळे ए-फोरचं पान ए-थ्रीवर नेमकं बसतं. कागद अर्धा केला तरी हे प्रमाण तेच राहतं, हा गुण जर्मनीतले भौतिकशास्त्रज्ञ लिख्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात मांडला होता. मी झेरॉक्सवर १४१ टक्के लावते आणि १० पॉइंटचं अक्षर १४ चं होतं. त्या बारा घरांत मी अंक पेटीत टाकत नाही, दार वाजवून हातात देते. वाटायला दोन संध्याकाळी लागतात. पेटीत टाकून पुढे गेले असते तर एका संध्याकाळीत झालं असतं, पण अर्धा मजकूर मला याच फेऱ्यांत मिळतो.

आईला आता शेजारी कोण राहतं ते सांगता येतं. परवा फोनवर ती सायकलवाल्या आजींची चौकशी करत होती.

पुढचा अंक येत्या गुरुवारी छपाईला जायचा आहे. सहा पानं लागली आहेत, सातवं अर्धं झालंय. रोज सकाळी पावणेसातला फाटकाजवळचा दिवा कोणीतरी बंद करतं. तो आपोआप बंद होतो असं मी इतके दिवस समजत होते. काल लवकर बाहेर पडले तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातले गृहस्थ चप्पल घालून येताना दिसले, बटण दाबून परत गेले. उद्या संध्याकाळी त्यांचं दार वाजवणार आहे. ते काम त्यांना कोणी दिलं, एवढंच विचारेन.