पितळी टॉर्चमधला हरवलेला अर्धा वोल्ट: एप्रिल ते जुलैच्या नोंदी

21 एप्रिल

काटोलजवळ मामांची संत्र्याची बाग आहे. ओलितासाठी वीज रात्रीची असे, तेव्हा मोटार सुरू करायला जाताना ते जी दोन सेलची पितळी टॉर्च सोबत नेत, ती तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला दिली. माझ्याकडे आली तेव्हा ती उत्तम चालत होती. आज कपाटातून काढून बटण सरकवले, तर बल्बची तार लालसर तापून तेवढीच राहिली. झाकण मुठीत आवळून धरले की क्षणभर उजेड वाढे आणि हात सैल पडताच पुन्हा मंदावे. सेल आत ठेवूनच मी टॉर्च कपाटात टाकली होती, त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न सुरुवातीलाच निकालात निघाला.

मागचे झाकण जागचे हलेना. आट्यांवर रॉकेलचे दोन थेंब सोडून अर्धा तास थांबलो, हेअर ड्रायरने झाकण कोमट केले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून पीळ दिला, तेव्हा ते करकरत सुटले. पकडीने धरले असते तर लवकर निघाले असते, पण निकेलच्या मुलाम्यावर दातांचे ओरखडे पडले असते, आणि असे ओरखडे पुढे गंज धरण्याची पहिली जागा होतात. मागचा सेल फुगून नळीत अडकला होता. तो पुढच्या बाजूने लाकडी दांडीने ढकलून काढला. त्याच्या बुडाशी जस्ताच्या भांड्याला आरपार भोक पडलेले होते आणि त्यातून ओघळलेला राखाडी लगदा स्प्रिंगच्या तळाशी व आट्यांत बसला होता.

24 एप्रिल

साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचे भांडे हाच ऋण ध्रुव असतो. म्हणजे वीज देताना सेल स्वतःचीच भिंत खात असतो, आणि भिंत पातळ झाली की आतला झिंक क्लोराइड व अमोनियम क्लोराइडचा ओलसर लगदा बाहेर येतो. हा लगदा आम्लधर्मी असतो. अल्कलाइन सेलमधून गळते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे पांढरे स्फटिक होतात. ‘सेल गळला की लिंबू पिळा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला दुसऱ्या प्रकारापुरता ठीक आहे. पहिल्या प्रकारात सुरुवात खायच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने करावी लागते.

तरीही आज मी काहीच घासले नाही, आणि या नोंदींत मला मुख्यतः सांगायचे आहे ते हेच. गंज दिसला की आपण सगळे पॉलिश पेपर घेऊन बसतो, सगळे सांधे चकचकीत करतो, टॉर्च लागते, आणि नेमका कोणता सांधा बिघडला होता ते कधीच कळत नाही. चार महिन्यांनी तोच सांधा पुन्हा दगा देतो. म्हणून आधी मोजणी.

मल्टिमीटर ओहमवर लावून येथे काही साधत नाही, कारण त्याच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम भरतो आणि आपण शोधत असतो तो दोषही तेवढाच असतो. त्याऐवजी मी सेल बाहेर ठेवले, बल्बच्या जागी पितळी गोळी बसवली आणि बेंच सप्लायवर (प्रवाह ठरवून देता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा) 300 मिलिअँपिअरची मर्यादा लावून स्प्रिंगच्या टोकापासून त्या गोळीपर्यंत प्रवाह सोडला. टॉर्चचा बल्ब 2.5 वोल्ट, 0.3 अँपिअरचा असल्याने प्रवाह तेवढाच घेतला. मग मीटर मिलिवोल्टवर ठेवून, प्रवाहाच्या चिमट्यांना स्पर्श न करता, एकेका सांध्याच्या दोन्ही बाजूंना टोके टेकवत गेलो. मीटरच्या तारांतून जवळजवळ प्रवाहच वाहत नसल्याने त्यांचा रोध हिशेबात येत नाही.

स्प्रिंग आणि झाकण यांच्यात 36 मिलिवोल्ट मिळाले. झाकणाचे आटे आणि नळी यांच्यात 285. नळी आणि सरकत्या बटणाची पट्टी यांना जोडणाऱ्या रिव्हेटवर 141. पट्टी ते परावर्तक 6, आणि परावर्तक ते बल्बची कडा 4. एकूण 472 मिलिवोल्ट, म्हणजे जवळपास अर्धा वोल्ट वाटेतच मुरत होता. तंतूच्या बल्बचा उजेड वोल्टेजच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे वोल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड तीस टक्क्यांनी घटतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये अर्धा वोल्ट गमावणे म्हणजे निम्मा उजेड गमावणे होय.

स्प्रिंगच्या बुडाशी सर्वांत जास्त घाण दिसत होती, आणि पाचांतला खरा गुन्हेगार मात्र ती नव्हती. डोळ्यांवर विसंबलो असतो तर सारा वेळ तिच्यावरच गेला असता.

3 मे

आट्यांची कहाणी माझ्या मूर्खपणामुळे लांबली.

सोड्याच्या द्रावणात जुन्या टूथब्रशने आटे घासल्यावर लगदा निघाला, पण खोबणींच्या तळाशी निळसर हिरवा कडक थर राहिला. न कल्हई केलेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असते. तीच हिरवट कळक येथे क्लोराइडमुळे आली होती. आईने चिंच लावायला सुचवले, आणि सल्ला चुकीचा नव्हता, फक्त चिंचेबरोबर भांड्यांना लावतात ते मीठ येथे चालत नाही, कारण ज्या क्लोराइडपासून सुटका हवी तेच आपण पुन्हा आट्यांत भरतो. मी सायट्रिक ॲसिडचे पातळ द्रावण केले, झाकण त्यात बुडवले, दोन मिनिटांनी पाहू असे ठरवले, आणि वीज गेल्याच्या गडबडीत ते रात्रभर तसेच राहिले.

सकाळी झाकणाच्या आतला भाग गुलाबी झाला होता. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असते. आम्लात जास्त वेळ राहिले की पृष्ठभागावरचे जस्त आधी विरघळते आणि तांब्याचा सच्छिद्र पापुद्रा मागे उरतो. रंग ताज्या कापलेल्या गाजराच्या आसपासचा होता आणि नखाने खरवडला तर थोडी भुकटी निघत होती. आट्यांच्या कडांवर असा पापुद्रा राहणे म्हणजे ठिसूळ संपर्क, त्यामुळे पितळी तारांच्या बारीक ब्रशने तो आट्यांपुरता काढला. झाकणाच्या तळावरचा गुलाबी डाग मात्र मुद्दाम राहू दिला. पॉलिश करून लपवता आला असता, पण पुढच्या वेळी द्रावणाशेजारी घड्याळ ठेवण्याची आठवण तो करून देईल.

धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरले नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर दोनदा फिरवले आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोल. झाकण पुन्हा बसवून मोजल्यावर आट्यांवर 9 मिलिवोल्ट आले, आणि स्प्रिंगचे बूड पेन्सिलच्या खोडरबराने पुसल्यावर तेथे 8.

12 मे

रिव्हेटने मात्र घाम काढला. नळीच्या आतून ब्रश फिरवला, अल्कोहोल सोडले, बटण शंभर वेळा सरकवले, तरी 141 चे 120 झाले आणि तेथेच थांबले. गंज रिव्हेटच्या डोक्याखाली होता आणि तेथे काहीच पोहोचत नव्हते. मग नळीत लोखंडी सळईचा आधार देऊन रिव्हेटच्या डोक्यावर छोट्या हातोडीने तीन हलके ठोके दिले. आकडा एकदम 22 वर आला आणि मी विजयी मुद्रेने चहा घेतला. तीन दिवसांनी पुन्हा मोजले तर 60.

यामागचे कारण विद्युत संपर्कांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या रॅग्नार होल्म यांच्या मांडणीतून चांगले समजते. दोन धातू एकमेकांवर दाबले तरी ते प्रत्यक्षात काही मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात, आणि सारा प्रवाह त्या ठिपक्यांतून वाट काढतो. ठोक्यांनी मी गंजाचा थर फोडून नवे ठिपके तयार केले होते. पण दाब टिकणारा नव्हता, बटण सरकवताना पट्टी किंचित हलत होती, आणि त्या बारीक घासण्याने उघडे पडलेले धातू पुन्हा गंजत होते.

रिव्हेट ड्रिलने काढून नवा बसवणे हा रीतसर मार्ग होता. नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत तेवढ्या जाडीचा पितळी रिव्हेट मिळेलही, पण मूळ रिव्हेटचे डोके बाहेरून दिसते आणि मला ते गमवायचे नव्हते. म्हणून पट्टीच्या स्थिर टोकापासून नळीच्या आतल्या भिंतीपर्यंत तांब्याच्या बारीक तारांची सव्वा सेंटिमीटर लांबीची वेणी सोल्डर केली. फ्लक्स फक्त राळेचा घेतला. पत्र्याच्या कामाला वापरतात ते पातळ ॲसिड म्हणजे झिंक क्लोराइडच. गेल्या वर्षी दुसऱ्या एका टॉर्चला मी तेच वापरले होते आणि महिन्याभरात सोल्डरभोवती हिरवे कडे उमटले होते. पितळ उष्णता पटकन पसरवते, त्यामुळे 25 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री तेथे हतबल ठरली आणि 60 वॅटची आणावी लागली. आता त्या जागी 3 मिलिवोल्ट आहेत. रिव्हेट फक्त पट्टी धरून ठेवतो, वीज वेणीतून जाते.

26 मे

सेल पावसाळ्यात खराब होतात हे मी गृहीत धरले होते. पण मामांकडे हीच टॉर्च अनेक पावसाळे, बागेतल्या दवात आणि चिखलात राहूनही टिकली, आणि माझ्याकडे कोरड्या कपाटात तीन वर्षांत तिची ही दशा झाली, हे मनाला पटत नव्हते.

आज ऊन 45 अंशांच्या घरात होते. लहान डिजिटल आर्द्रतामापक गॅलरीत ठेवला तर 17 टक्के दाखवत होता. तोच कपाटात, टॉर्चच्या जागी ठेवून तासाभराने पाहिले तर 68. कपाट कूलरच्या खिडकीसमोर आहे आणि त्याची फळी झोताच्या थेट वाटेत येते. नागपूरचा उन्हाळा बाहेर हाडे वाळवणारा असला तरी घरात आपण एप्रिलपासून जूनपर्यंत ताट्या भिजवून रोज कृत्रिम पावसाळा तयार करतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. झिंक क्लोराइड हवेतले पाणी इतक्या हावरटपणे ओढते, की आट्यांत अडकलेला त्याचा अंश अशा हवेत पुन्हा ओला होऊन काम सुरू करतो. टॉर्चचा डबा आता आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेला आहे, त्यात सिलिका जेलची पुडी आहे आणि सेल वेगळ्या पिशवीत आहेत.

याच उन्हामुळे आट्यांना व्हॅसलीन लावण्याचा बेतही बदलला. विद्युत दृष्टीने त्यात अडचण नव्हती. आटे आवळताना धातूचे उंचवटे तो थर भेदून भिडतात आणि व्हॅसलीन लावण्यापूर्वी व नंतर आकडा 9 च राहिला. पण बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ते वितळून आत ओघळते. म्हणून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, आणि तोही फक्त आट्यांना. ठिणगी पडते अशा बटणाच्या संपर्काजवळ सिलिकॉन गेले तर त्यापासून वाळूसारखा, वीज अडवणारा थर बनू शकतो.

20 जून

मधल्या काळात एका मित्राची ॲल्युमिनियमची एलईडी टॉर्च लुकलुकते म्हणून आली. अशा टॉर्चचे ॲनोडाइझ केलेले आटे वीज वाहूच देत नाहीत, संपर्क नळीच्या उघड्या गोल कडेवरून होतो, त्यामुळे आटे घासण्यात अर्थ नसतो. कडा अल्कोहोलने पुसली आणि झाकणातली खाचांची रिंग टोकदार चिमट्याने पाव फेरा आवळली. दहा मिनिटांत काम संपले. लिथियम सेल आत असताना मात्र चिमटा आत घालू नये. या टॉर्च 3 अँपिअर घेतात, म्हणजे तेथे दहाव्या हिश्श्याच्या ओहमवरही 0.9 वॅट उष्णता होते आणि स्प्रिंग तापून मऊ पडते.

5 जुलै

पावसाला सुरुवात होऊन पुरेसे दिवस झाल्यावर आज मामांची टॉर्च पुन्हा मोजली. स्प्रिंग 8, आटे 11, वेणी 3, परावर्तक 6, बल्बची कडा 4. एकूण 32 मिलिवोल्ट. आट्यांवर दोनने वाढ आहे, ती ग्रीसची की गंजाची हे ऑगस्टच्या मोजणीत कळेल. नवे सेल घालून रात्री गच्चीवरून समोरच्या कडुलिंबावर झोत टाकला, तर शेंड्यावरचा कावळा जागा होऊन ओरडला.